निम्म्या वाट्याची म्हैस

शिरवळच्या कारखान्यात खरेदी खात्यात इतकी वर्षं काढली, की आता कुणी नुसतं ‘या, बसा’ म्हटलं तरी ‘याला काय हवंय’ हा विचार आधी मनात येतो. सवय वाईट, पण पोट तिच्यावरच चाललं. खोकी पुरवणाऱ्याला नगावर पैसे दिले की पुठ्ठा पातळ होतो. वजनावर दिले की तोच पुठ्ठा ओला येतो. कँटीनवाल्याला ताटामागे पैसे दिले की ताट लहान होतं, महिन्याचे ठोक दिले की आमटीचं पाणी होतं. मग आम्ही करारात नवं कलम घालतो आणि समोरचा त्या कलमातून वाट काढतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आमच्या खात्यात मागच्यालाही ठेच लागतेच, फक्त दगड दुसरा असतो.

मी कुणाला लबाड म्हणत नाही. ज्याला जे ठाऊक असतं ते तो झाकून ठेवतो आणि जिकडे फायदा दिसतो तिकडे वळतो. पाणी उताराकडं जातं, त्यात पाण्याचा काय दोष? पण दुसऱ्याचा उतार शोधत बसायचं काम वर्षानुवर्षं केलं की माणूस आतून शिणतो. मी शिणलो होतो. मागच्या दिवाळीला गावाकडं गेलो तेव्हा आईजवळ बोललोही होतो, की कंपनीत माणसं कमी करायचं घाटतंय, पैसे घेऊन नोकरी सोडणाऱ्याला सोडू देतायत, कधी कधी वाटतं टाकावं सगळं आणि यावं निघून. बाजरी निवडता निवडता आईनं ऐकून घेतलं. मीही बोलून विसरलो. असं कोण बोलत नाही?

आमचं गाव आष्ट्यापासून थोडं आत. वडील फौजेतून पेन्शनीवर आले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी ऊस आणि म्हशी यांच्यात घालवलं. ते गेल्यावर जमीन चुलतभाऊ बघू लागला. गोठ्यात एक म्हातारी म्हैस राहिली होती. तिचं शेवटचं वेत झालं, त्याला रेडी झाली आणि काही महिन्यांत म्हैस मेली. आईच्या गुडघ्यांनी तोवर संप पुकारला होता. वैरणीचा भारा उचलणं तिच्यानं होईना. तिनं ती रेडी मागच्या गल्लीतल्या एका बाईला निम्म्या वाट्यानं दिली. बाईचा नवरा आष्ट्याला गाद्या भरायचं काम करतो. दिवसभर घरी ती आणि तिची सासू.

निम्मा वाटा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. रेडी मालकाची, वैरण, पाणी, शेण, आजारपण सगळं पाळणाऱ्याचं. ती मोठी होऊन व्याली, की तिची जी किंमत होईल तीत दोघांचा निम्मा-निम्मा हक्क. पण म्हैस काही मधोमध चिरता येत नाही. म्हणून आमच्याकडं रीत अशी: चार माणसांसमोर पाळणाऱ्यानं किंमत सांगायची आणि मालकानं पसंती करायची. मालक ‘घेतो’ म्हणाला, तर त्यानं निम्मी किंमत पाळणाऱ्याला द्यायची आणि म्हैस न्यायची. ‘दिली’ म्हणाला, तर पाळणाऱ्यानं निम्मी किंमत मालकाला द्यायची आणि म्हैस त्याच्याच दारात राहायची. एकदा शब्द गेला की गेला.

लहानपणी हे इतक्या वेळा बघितलंय की त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नव्हतं. खरेदी खात्यात गेल्यावर त्यातली अक्कल कळली. जनावराची कास कशी आहे, सडाला गाठ आहे का, धारेच्या वेळी लाथ मारते का, हे पाळणाऱ्याला ठाऊक असतं. मालकाला यातलं काही कळायला मार्ग नाही. म्हणून किंमत जाणत्याच्या तोंडून वदवायची आणि निवड नेणत्याच्या हातात ठेवायची. कमी सांगितली तर म्हैस हातची जाईल, जास्त सांगितली तर स्वतःच्याच गळ्यात पडेल. आम्ही वकिलाकडून कलमांवर कलमं लिहून घेतो आणि तरी फसतो. इथं ना कागद, ना सही.

पण त्यातही एक फट आहे, आणि फटी शोधणं हा माझा धंदा. मालकाला जनावर नेणं शक्यच नाही हे पाळणाऱ्याला कळलं, की रीत आडवी पडली. पाळणारा मग खुशाल पडती किंमत सांगतो आणि मालकाला ‘दिली’ म्हणण्यावाचून इलाज उरत नाही. आमच्या आईचे गुडघे तर सगळ्या गावाला ठाऊक.

म्हणूनच आईचा फोन आला तेव्हा मी आधी तेच बोललो.

“म्हस व्याली,” ती म्हणाली. “रेडी झालीया. आता वाटा कराय पायजे.”

“ती बाई पडत्या भावात मागंल बघ,” मी म्हणालो. “तू कुठं सांभाळणार हायस? ठाऊक हाय की तिला.”

“मी सांगिटलंय समद्यास्नी. पोरगं कंपनी सोडून गावाला येतंय, म्हस त्योच बघंल म्हणून.”

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसलो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्यांनी मान वर करून बघितलं. कधी आष्ट्याच्या पुढं एकटी न गेलेल्या माझ्या आईनं ती फट बरोबर हेरली होती आणि बुजवलीही होती. आम्हीही हेच करतो. एकाच पुरवठादाराकडं माल असला, तरी टेबलावर दुसऱ्याचं कोटेशन ठेवतो, त्याला दिसेल असं.

“बरं केलं न्हवं?” तिनं विचारलं.

“लय बरं केलंस,” मी म्हणालो, आणि वाट्याच्या दिवशी यायचं कबूल केलं. मला यायचं होतं ते खरं म्हणजे तिच्या बोलण्याला वजन यावं म्हणून. नुसतं ओट्यावर बसलो असतो तरी काम झालं असतं.

सुट्टी काढून निघालो. उंब्रजला गाडी थांबली तेव्हा चहा घेतला आणि मनाशी हिशेब जुळवला, की संध्याकाळपर्यंत सगळं उरकेल, मुक्काम करावा आणि सकाळी परत. शिरवळला बायकोची शाळेतली नोकरी, मुलगा पुण्यात शिकायला. आमचं बस्तान तिकडं बसलंय. गावाला यावंसं वाटत नव्हतं असं नाही. वाटायचं. पण थकलेल्या माणसाला जे वाटतं ते उशी बघून वाटतं तसं असतं. त्यावर कुणी म्हैस घेऊ नये.

घरी पोचलो तर आईनं गोठा झाडून लख्ख केलेला. गव्हाण नव्यानं लिंपली होती, बाभळीचा नवा खुंटा ठोकून घेतला होता आणि कोपऱ्यात वैरणीला उसाच्या वाड्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. मी बघतच राहिलो. बोलायचं ते बोललीच होती, वर देखावाही उभा केला होता. खरेदी खात्यातला आमचा एकही माणूस इतकी तयारी करत नाही. हे मी तिला बोलून दाखवलं तेव्हा ती लाजल्यासारखी हसली आणि म्हणाली, “खुट्टा वाकडा बसलाय जरा. तू नीट करून घेशील.”

चार माणसं म्हणायची पद्धत, आली तिघंच. एक वडिलांबरोबर फौजेत असलेले म्हातारे, एक गावातला दूधसंकलन करणारा आणि तिसरा आमचा चुलतभाऊ. आधी सगळे मागच्या गल्लीत म्हैस बघायला गेलो. घराच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याचा आडोसा केला होता, तिथं ती उभी होती. अंगाला तेल चोळलेलं, गळ्यात कवड्यांची माळ, पायाशी लटपटत उभी राहणारी रेडी. बाई आत गेली तशी म्हशीनं मान वळवली आणि बाई बाहेर येईपर्यंत दाराकडंच बघत राहिली. दूधवाल्यानं कास चाचपली, सड बघितले आणि मान डोलावली.

बाहेर पडताना बाईनं मला बाजूला घेतलं. तिशी-बत्तिशीची असेल. बोलताना नजर चुकवत नव्हती.

“भाऊ, तुमी खरंच येताय गावाला?”

“इचार हाय,” मी म्हणालो.

पुरवठादाराला मी हेच सांगतो, याच आवाजात. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. असे चेहरे वाचायचाच मला पगार मिळतो, त्यामुळं तो दिसला नाही असं म्हणता येणार नाही.

मग आमच्या ओट्यावर बैठक बसली. आईनं चहा दिला. म्हाताऱ्यांनी घसा खाकरून बाईला किंमत सांगायला सांगितलं. बाईनं पदर आवळून घेतला आणि किंमत सांगितली. पहिलारू म्हशीला आष्ट्याच्या बाजारात कुणी देणार नाही, इतका चढा आकडा तिनं सांगितला.

“पोरी, पुन्यांदा इचार कर,” म्हातारे म्हणाले.

“केलाय.”

दूधवाला माझ्याकडं बघून भुवया उडवत होता. मला मात्र सगळं लख्ख कळलं. तिनं म्हशीची किंमत सांगितलीच नव्हती. जी ऐकून आम्ही म्हैस तिच्याकडंच ठेवू, अशी किंमत सांगितली होती. माझ्या येण्याच्या बातमीनं ती घाबरली होती आणि त्या भीतीची निम्मी रक्कम आता आमच्या घरात येणार होती. ती द्यायला कानातलं मोडायचं तिनं ठरवलं होतं, हे मला नंतर चुलतभावाकडून कळलं. रीत फार चोख आहे, पण जीव लावलेल्या माणसाला ती महाग पडते. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, घटकाभर. मग तिच्याकडं बघवेना. मनात म्हटलं, एकदाचं ‘दिली’ म्हण आई, आणि सोड तिला.

“घेतो आमी,” आई म्हणाली.

मला वाटलं, बोलताना चुकली. म्हातारी झालीय, दोन शब्दांत गफलत झाली असेल.

“आई, दिली म्हणायचंय तुला.”

“न्हाई रं. घेतो म्हटलं. चुकून न्हाई.” आणि तिनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात समाधान काठोकाठ भरलेलं होतं. “पोराच्या दारात म्हस बघून डोळं मिटायचं हायती मला,” ती म्हाताऱ्यांना म्हणाली.

तेव्हा मला कळलं. गव्हाण लिंपली होती ती म्हैस बांधायला. खुंटा ठोकला होता तो म्हैस बांधायला. मी ज्याला डाव समजून वाहवा केली, त्यात डाव कसलाच नव्हता. मी दिवाळीला बोललो ते तिनं ऐकलं, त्यावर विश्वास ठेवला आणि तसं गावाला सांगितलं. वर मीच तिला फोनवर ‘लय बरं केलंस’ म्हणून शिक्का मारून दिला. जगभरच्या माणसांच्या मनातलं ताडणारा मी, आणि समोर बसलेल्या आईच्या मनात ती बोलली त्याहून दुसरं काही नसेल हे मला सुचलंच नाही.

ओट्यावर काही बोलणं शक्य नव्हतं. बोललो असतो तर चार माणसांत आई खोटी पडली असती. शब्द गेला होता. निम्मी रक्कम मी मोबाइलवरून बाईच्या नवऱ्याच्या खात्यात टाकली. बाजारापेक्षा जास्त रक्कम मिळाली होती तिला. पण तिचं तोंड कुणी मेल्यासारखं झालं होतं. ती उठली, म्हैस घेऊन आली, आमच्या नव्या खुंट्याला बांधली, माळ तशीच गळ्यात ठेवली आणि मागं न बघता गेली.

धारेच्या वेळी आई बादली घेऊन बसली. बसायलाच तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. रेडी सोडली, तिनं ढुशा मारल्या, पण म्हैस पान्हा सोडेना. आईनं कासेला पाणी लावलं, पेंड पुढं केली, वडील म्हणायचे तसं काहीबाही म्हणून बघितलं. म्हैस मागच्या गल्लीत जाणाऱ्या बोळाकडं तोंड करून ओरडत राहिली. मी बाजूला उभा होतो, तसा उपयोग माझा काहीच नव्हता. पंधरा-वीस वर्षांत मी म्हशीला हात लावलेला नव्हता.

थोड्या वेळानं बाई दाराशी आली. कुणी बोलावलं नव्हतं.

“काकी, येऊ का?”

आईनं तिला जागा करून दिली. ती खाली बसली, म्हशीच्या कुशीला कपाळ टेकलं आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. म्हशीनं लगेच पान्हा सोडला. बादली भरली तशी बाईनं ती आईपुढं सरकवली, हात धुतले आणि “सकाळी येते” एवढंच म्हणून गेली.

जेवताना मी विषय काढला. काढावाच लागला.

“आई, मी न्हाई येणार. तसं काय ठरलं न्हवतं.”

तिनं भाकरी मोडायची थांबवली.

“दिवाळीत म्हटलास की.”

“तवा कंटाळलो हुतो. म्हणतो माणूस.”

“आन् फोनवर? लय बरं केलंस म्हटलास.”

“मला वाटलं, तू त्या बाईला भ्या दाखवायला तसं सांगतीस. किंमत चढावी म्हणून.”

तिनं हातातली भाकरी ताटात ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं. “मी कशाला कुणाला भ्या दाखवू?” ती म्हणाली. मग पुन्हा जेवायला लागली. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त दमायला झालं. मी आमटी चांगली झालीय म्हणालो. “खा,” ती म्हणाली.

सकाळी बाई धार काढायला आली तेव्हा मी पिशवी भरून अंगणात उभा होतो. आष्ट्याला जायची गाडी गाठायची होती. धार झाली. बाई उठून निघणार, तेवढ्यात आई म्हणाली, “थांब. जा घिऊन हिला.”

बाईला कळेना. “कुठं?”

“तुझ्या दारात. वाट्यानं.”

“आता कशाचा वाटा, काकी? व्यवहार झाला की काल. पैसं आलं आमास्नी.”

“पैसं ठिवा. व्यवहार झाला त्यो झाला, म्हस माझी. आता दुधाचा वाटा. वैरण तुझी, राबणूक तुझी. निम्मं दूध तू घे, निम्मं मला आणून दे.”

माझं डोकं सवयीनं चालू झालंच. दूध मोजणार कोण? पाणी घातलं तर कळणार कसं? म्हैस आटल्यावर वैरणीचं काय? मी तसं म्हणालोही: “आई, दूध मोजायचं कुणी?”

“न्हाई मोजायचं,” आई म्हणाली. पुढचं मी विचारलं नाही.

बाई मात्र व्यवहाराची होती. एकदा पोळली होती, आता विचारणं भाग होतं. “किती दिस, काकी?” ती म्हणाली. “मी पुन्यांदा जीव लावायचा आन् तुमी एक दिवस चार माणसं बसवायची, असं नगं.”

आईनं माझ्याकडं हात केला.

“ह्यो गावाला येईस्तवर,” ती म्हणाली.

बाईनं माझ्याकडं बघितलं. मी वाकून पिशवीची चेन ओढू लागलो, ती आधीच लागलेली होती. मग तिनं आईकडं बघितलं. आई म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी कधी येणार, असं बाईनं विचारलं नाही. खरेदी खात्यात मी मुदत न लिहिलेला एकही करार पुढं जाऊ दिलेला नाही. या कराराची मुदत मात्र तिथल्या तिघांनाही नीट कळली होती.

बाईनं दाव्याची गाठ सोडली, तिची बोटं भराभरा चालत होती. म्हैस तिच्या मागून आपणहून निघाली. रेडी मागं रेंगाळली, तशी आईनं काठी घेतली आणि गुडघ्यांवर हात देत देत तिला हाकलत बोळातून त्यांच्यामागं गेली. गोठ्यात वाड्याच्या पेंढ्या तशाच होत्या. गाडीला अजून वेळ होता, म्हणून मी पिशवी खाली ठेवली आणि तो वाकडा खुंटा ठोकून सरळ केला.